हॅटीज एप्रनवरचे तिघे

मरिसेलाने त्याच्या नव्या गुडघ्याभोवती बर्फाचा पट्टा गुंडाळला, करकचून आवळला आणि म्हणाली, "आता वीस मिनिटं हलायचं नाही, मिस्टर ऑस्लर. मासिक आणून देऊ?" थेनने मान हलवली. मासिक नको होतं. दवाखान्याच्या चौथ्या मजल्यावर, फिजिओथेरपीच्या खोलीतलं हे खिडकीजवळचं टेबल तो मुद्दाम मागून घ्यायचा. खाली ऑग्डन शहर आठवडाभर साठलेल्या मळकट धुक्यात बुडालं होतं, गाड्यांचे दिवे भर दिवसा पिवळे दिसत होते, पण वर डोंगर स्वच्छ उन्हात होते, आणि कॅन्यनच्या तोंडातून उत्तरेकडे तोंड केलेला तो एक उतार, हॅटीज एप्रन, पुसून ठेवल्यासारखा कोरा दिसायचा. आज तो कोरा नव्हता. डावीकडच्या झाडांच्या रेषेपासून वर एक बारीक, नागमोडी रेघ गेली होती. थेन कोपरांवर उठला. खुर्चीवरच्या कोटाच्या खिशात त्याची दुर्बीण असायची, तीस वर्षांची सवय, दवाखान्यातसुद्धा. त्याने हात लांबवून कोट ओढला. रेघेच्या वरच्या टोकाला तीन काळे ठिपके होते आणि ते सरकत होते.

तेवीस वर्षं थेन ऑस्लरने या डोंगरातल्या हिमस्खलनाच्या धोक्याचं पत्रक लिहिलं होतं. हिवाळ्यात रोज सकाळी, लोक कॉफी घेऊन गाडीत बसायच्या आत, कुठल्या बाजूचा उतार आज किती धोक्याचा, हे एक ते पाच या आकड्यांत सांगायचं आणि खाली चार परिच्छेद. नोव्हेंबरात पडलेला पहिला बर्फ यंदा तीन आठवडे कोरड्या थंडीत तसाच उघडा राहिला होता. असा बर्फ कुजत नाही, पण त्याचं काहीतरी होतं. त्याचे दाणे सुटे होतात, मुठीत घेऊन दाबले तरी गोळा होत नाही, बोटांमधून साखरेसारखे गळून जातात. त्याच्यावर डिसेंबरच्या वादळांनी कमरेएवढी घट्ट लादी रचली होती. वरून बघणाऱ्याला फक्त लादी दिसते. ती किती सुंदर असते हे थेनला माहीत होतं. साखर खाली असते आणि वाट बघते, किंवा बघतही नाही; तिला कुणाशी काही देणंघेणं नसतं, हेच नवख्यांच्या डोक्यात शिरत नाही. दहा माणसं त्याच लादीवरून आरामात उतरतात आणि अकराव्याचं वजन नेमकं लादी पातळ असलेल्या जागी पडतं. स्कीवरचा त्याचा जुना सोबती डेल्मर आणि तो स्वतः, दोघं मिळून एप्रनवरून किती वेळा उतरले असतील? चाळीस? डेल्मर तर मोजायचा आणि गाडीत बसल्यावर आकडा सांगायचा, जणू उताराने त्याला शाबासकी दिली होती.

"काय बघताय?" मरिसेलाने विचारलं. ती पलीकडच्या सायकलवर बसलेल्या म्हातारीचा वेग कमी करून आली होती. अठ्ठावीसेक वर्षांची, बुटकी, बाह्या कायम वर सारलेल्या. पाच आठवडे ती त्याचा पाय रोज थोडा जास्त वाकवत होती आणि तो ओरडला की हसत होती. "माणसं," थेन म्हणाला. "तिकडे. त्यांनी तिथे असता कामा नये." तिने डोळे बारीक करून पाहिलं. "मला काहीच दिसत नाही. फोन करा ना त्यांना." तो हसला नाही. तिने अगदी साधेपणाने विचारलं होतं. ते कोण आहेत, त्यांचे फोन कोणते, फोन चालू तरी आहेत का, यातलं काहीच त्याला माहीत नव्हतं. डोंगर सगळ्यांचा होता, कुणीही कुठेही चढावं. त्याने ब्रिनला फोन लावला.

ब्रिन त्याच्या जागी काम करत होती. एकतीस वर्षांची, हुशार, त्याच्याहून चांगलं लिहिणारी. पहाटे साडेपाचला तिनेच त्याला उठवलं होतं. "थेन, तीन की चार?" तो अंथरुणात पडूनच बोलला होता, पायाखाली उशी. पाच आठवडे त्याच्या हाताला बर्फ लागला नव्हता, पट्ट्यातला सोडून. तो म्हणाला होता, "दहा दिवसांत एकही लादी सुटलेली नाही. आता चार लावलंस तर उद्या खरोखर चार लावायची वेळ येईल तेव्हा कुणी ढुंकून बघणार नाही. तीन ठेव. शब्द कडक लिही." ब्रिन म्हणाली, "शब्द कोण वाचतं रे? आकडा वाचतात." तो म्हणाला, "तू विचारलंस म्हणून सांगितलं." आणि तिने तीन ठेवलं. तीनच्या दिवशीच सर्वांत जास्त माणसं मरतात, हे तो स्वतः दर वर्षी बर्फातल्या सुरक्षेच्या वर्गात शिकवायचा. चारला लोक घरी बसतात. तीनला ते विचार करतात आणि विचार करून जातात.

"एप्रनवर तिघं आहेत," तो आता म्हणाला. ब्रिनच्या फोनमध्ये वारा घोंघावत होता. ती तीस मैल उत्तरेला कुठेतरी खड्डा खणून थर तपासत होती. "किती वर?" "वरच्या खडकाजवळ पोचलेत." "मग मी काय करू, थेन? इथून ओरडू?" तिचा आवाज उतरला. "आज मला तीनदा आवाज ऐकू आला. पायाखाली सगळं एकदम बसल्यासारखा. एकदा तर तीस फुटांवरचं झाड हललं." थेनला तो आवाज माहीत होता. जमीन उसासा टाकते तसा असतो तो, पावलांतून वर चढतो, आणि डोक्याला कळायच्या आधी पायांना कळतं. त्याचा उजवा पाय आता बर्फाच्या पट्ट्यात होता, आत टायटॅनियम. "मला सांग काय होतंय ते," ब्रिन म्हणाली, आणि दोघांनाही कळलं की सांगण्यापलीकडे त्याला काही करता येणार नाही.

ते वर पोचले. थोडा वेळ तिन्ही ठिपके एकत्र उभे होते. चढण्यासाठी स्कीच्या तळाला लावलेले पट्टे काढत असतील, पाणी पीत असतील, कुणीतरी विनोद केला असेल. थेनला वाटलं, एकजण तरी मागे वळेल. एकजण तरी म्हणेल, मला हे बरोबर वाटत नाही. डेल्मर असं कधी म्हणाला नव्हता आणि थेननेही म्हटलं नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वी याच कड्यावर, वारा पडला होता, आकाश इतकं निळं होतं की बोलावंसं वाटत नव्हतं. बर्फात काठी खुपसताना तळाशी ती एकदम भसकन आत गेली होती, थेनला ते हाताला कळलं होतं, आणि तो गप्प राहिला होता. कारण डेल्मर आधीच चष्मा लावत होता. कारण अडीच तास चढून आले होते. इतकंच. माणूस मरायला याहून मोठं कारण लागत नाही, हे त्याला त्यानंतर रोज लिहावंसं वाटायचं, पण पत्रकात त्यासाठी जागा नव्हती.

पहिला ठिपका सुटला. मोठ्या, मोकळ्या वळणांनी तो खाली आला, मागे बर्फाचा धुरळा उडवत, आणि खालच्या झाडांच्या बेटाशी थांबला. चांगला उतरला, थेनच्या मनात आलं. त्याला स्वतःचा राग आला. "झालं ना?" मरिसेला म्हणाली. तिने दुर्बीण मागून घेतली होती आणि आता तिलाही दिसत होतं. "पोचला एक." "दे इकडे," थेन म्हणाला. दुसरा निघाला. तो पहिल्याच्या डावीकडे गेला, कोऱ्या जागेत. प्रत्येकाला स्वतःची रेघ हवी असते. चार वळणं झाली. पाचव्या वळणाला, त्याच्या कितीतरी वर, पांढऱ्यावर केसाएवढी निळसर चीर उमटली आणि आडवी पळत गेली, उताराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आवाज काहीच नाही. सायकलवरची म्हातारी पेडल मारत होती, छतातल्या स्पीकरवर कुणीतरी गाडीच्या टायरांची जाहिरात करत होतं, आणि एप्रन तुटून खाली येत होता. आधी अखंड, गालिचा ओढल्यासारखा, मग तुकडे, मग नुसता पांढरा धूर. थेन काहीतरी बोलला असावा, कारण मरिसेलाने चमकून त्याच्याकडे पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा चौदा झाले होते.

फोनवर आपत्कालीन सेवेतल्या माणसाने शांतपणे विचारलं, "सर, आपण घटनास्थळी आहात का?" "नाही. मी फिजिओथेरपीच्या टेबलावर आहे." "मग आपल्याला कसं कळलं, सर?" थेनने नाव सांगितलं, जागा सांगितली, उतार, दिशा, उंची, हेलिकॉप्टर कुठल्या खांद्यावर उतरू शकेल ते. माणसाचा सूर बदलला. हेलिकॉप्टर निघत होतं. पस्तीस मिनिटं, कदाचित चाळीस. पस्तीस मिनिटं म्हणजे काय ते थेन वर्गात फळ्यावर काढून दाखवायचा. पुरलेला माणूस जिवंत सापडण्याच्या शक्यतेची रेघ पंधराव्या मिनिटापर्यंत बऱ्यापैकी सपाट जाते, आणि मग दरीत पडल्यासारखी खाली येते.

धूर बसला. वर एक ठिपका होता, खाली झाडांशी एक. मधे काही नव्हतं. मग वरचा ठिपका हलला, उघड्या पडलेल्या कडक तळावरून खाली घसरत आला, आणि ढिगाऱ्यापाशी पोचल्यावर आडवा जायला लागला. डावीकडे. परत उजवीकडे. "हा काय करतोय?" मरिसेला कुजबुजली. थेनने तिच्या हातात दुर्बीण दिली नाही. "शोधतोय. छातीवर यंत्र असतं प्रत्येकाच्या. पुरलेल्याचं यंत्र हाक मारत असतं, याच्या यंत्रावर आकडा दिसतो, जवळ गेलं की आकडा कमी होतो." ठिपका उजवीकडे फार लांब गेला. तिथे काही नाही, थेन पुटपुटला, परत ये, परत ये. ठिपका थांबला. परत आला. आता तो हळू चालत होता, वाकलेला असावा. "सापडलं बघ. खाली धरलंय यंत्र. आता जमिनीला टेकवून बघतोय." खालचा ठिपका ढिगाऱ्यातून वर चढायचा प्रयत्न करत होता. फुटलेल्या लादीचे ठोकळे माणसाएवढे असतात, त्यांच्यातून चालता येत नाही, रांगावं लागतं. अकरा एकोणीस. वरचा ठिपका एकाच जागी उभा राहिला आणि तिथेच राहिला. "काठी खुपसतोय," थेन म्हणाला. मग ठिपका अर्धा झाला. गुडघ्यावर बसला होता.

"खालून," थेन मोठ्याने म्हणाला. "वरून सरळ नको खणू. खालच्या बाजूने ये. अरे, खालून!" सायकल थांबली. खोलीतली सगळी माणसं, म्हातारी, खांदा निखळलेला एक पोस्टमन, मरिसेला, खिडकीशी आली होती. डेल्मरच्या वेळी थेनने वरून खणलं होतं. आडवं न येता विहिरीसारखं सरळ खाली, घाईने. प्रत्येक फावडं बर्फ कडेने परत आत पडत होता, आणि लादी थांबली की सिमेंट होते, फावड्याचा आवाज टणटण येतो. दंडाचं मांस पेटलं होतं. बावीस मिनिटं. डेल्मरच्या तोंडासमोर त्याच्याच श्वासाने बर्फाचा एक गुळगुळीत काचेसारखा मुखवटा झाला होता, आणि थेनने तो अंगठ्याने फोडला होता, तेव्हा त्याला वाटलं होतं की आता डेल्मर शिवी देईल. खालचा ठिपकाही पोचला. दोघं एका जागी. कोण वर आहे, कोण खाली, हे एवढ्या लांबून दिसत नव्हतं. अकरा तेवीसला कॅन्यनच्या तोंडातून ढगाची एक पट्टी सरकत आली आणि उतारावर आडवी बसली.

"हे कधी जाईल?" मरिसेलाने विचारलं. "माहीत नाही." तेवीस वर्षं तो लोकांना हवामान सांगत होता. पट्ट्यातला बर्फ वितळून गार पाणी त्याच्या पोटरीवरून टेबलावर ठिबकत होतं. मरिसेला पट्टा सोडायला आली, मग तिने तो नुसता हातात धरून ठेवला. तिचे ओठ हलत होते. पोस्टमनने एकदा विचारलं, "आपण काही करू शकत नाही का?" थेन ढगाकडे बघत राहिला. त्याला वाटलं, आपण नजर हटवली तर ती जागा हरवेल. पंचवीस. सत्तावीस. एकोणतीस. फळ्यावरची रेघ केव्हाच खाली आली होती.

अकरा एकतीसला ढगाची खालची कड उचलली गेली. आधी ढिगारा दिसला, मग ठिपके. एक उभा. दुसरा उभा. त्यांच्या पायाशी, किंचित बाजूला, तिसरा. बसलेला. तो हलला. दुर्बिणीत स्पष्ट दिसलं, तो पुढे वाकला, परत मागे झाला. "तीन," थेन म्हणाला. मरिसेलाने दुर्बीण हिसकावून घेतली. "एक, दोन... तीन! बसलाय! मिस्टर ऑस्लर, बसलाय तो!" पोस्टमनने धडधाकट हाताने काचेवर थाप मारली, म्हातारीने टाळ्या वाजवल्या, कुणीतरी थेनचे केस विस्कटले. तो हसत होता आणि रडतही होता, टेबलावर ओल्या पायाने बसून, एकोणसाठ वर्षांचा माणूस. बर्फ जे दाखवतो त्यावर विश्वास ठेवू नका, खणून बघा, हे तो जन्मभर सांगत आला होता. त्या क्षणी त्याने जे दिसलं ते तसंच्या तसं घेतलं. हेलिकॉप्टर आलं तेव्हा ढग पुन्हा खाली बसला होता. दुपारी घरी जाताना टॅक्सीवाल्याला त्याने नेहमीपेक्षा जास्त टिप दिली, आणि घरी सूप गरम करून सगळं संपवलं.

पाच वाजता ब्रिनचा फोन आला. "मी आत्ता त्या दोघांना भेटून येतेय," ती म्हणाली. थेन म्हणाला, "तिघांना." ब्रिनने हळूच विचारलं, "तुला कुणी सांगितलं नाही?" तो स्वयंपाकघरात उभा होता, कुबडी टेबलाला टेकलेली. "मी पाहिलं, ब्रिन. तिसरा बसला होता. हलत होता." "ती एक बाई होती, थेन. कड्यावरून एकटी येत होती, लादी सुटताना तिने वरून पाहिलं, मदतीला उतरली. ती त्याच्या छातीवर दाब देत होती. हेलिकॉप्टर येईपर्यंत देत होती." पुढे वाकला, परत मागे झाला. थेन खुर्चीत बसला. "किती खोल?" "साडेचार फूट. तोंड उघडं करायला चौदा मिनिटं लागली. मग बाकीचा बाहेर काढायला अजून. छातीला मार होता, खडकावरून आला होता. त्यांनी नीट खणलं, थेन. खालच्या बाजूने, सगळं पुस्तकातल्यासारखं. तुझ्याच वर्गात बसले होते दोन वर्षांपूर्वी." ती पुढे म्हणाली, "जोना ट्विचेल नाव. चोवीस वर्षांचा. घरच्यांना आत्ता कळवतायत, अजून कुठे बोलू नकोस."

थेनने टेबलावरचा सुपाचा चमचा उचलला आणि परत ठेवला. मग विचारलं, "पत्रक वाचलं होतं?" त्याला वाटलं ती नाही म्हणेल, किंवा तिने तसं म्हणावं. "वाचलं होतं. गाडीत मोठ्याने वाचलं म्हणे, पूर्ण, शब्दन् शब्द." "आणि?" "आणि त्यातला एक मला म्हणाला, तीनच होतं ना." मग ब्रिनच म्हणाली, "मी तुला दोष देत नाहीये." "दे." "देऊन काय करू? सही माझी आहे." तो म्हणाला, "आकडा माझा होता." ती म्हणाली, "आकडा कुणाचाच नसतो, थेन, झोप आता," आणि तिने फोन ठेवला. तिला खरंच तसं वाटत होतं की तिने त्याच्यासाठी म्हटलं, हे त्याला कळलं नाही. चार लावलं असतं तर ते घरी बसले असते का? बसले असते, मग रविवारी गेले असते. किंवा गेले नसते, आणि जोना ट्विचेल कधीच कुणाला न कळता पन्नास वर्षं जगला असता, आणि त्या दिवशी आपण वाचलो हे त्याचं त्यालाही कळलं नसतं. थेनला बर्फाचा राग येईना. रागाला धरायला त्याला कुठे कड सापडेना.

गुरुवारी फिजिओला जायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, तरी तो गेला. मरिसेलाने त्याला दारातच गाठलं. टेबलावर फॉइलमध्ये गुंडाळलेले तमाले होते, मक्याच्या पिठाचे, वाफवलेले. "आईने केलेत. तुमच्यासाठी. घरी सगळ्यांना सांगितलं मी, तुम्ही कसं त्याला बसल्याजागी खणायला शिकवत होतात, 'खालून, खालून'!" तिने त्याची नक्कल केली आणि पोस्टमन तिकडून हसला. "आईने रविवारची वाट नाही बघितली. कालच चर्चमध्ये तिघांसाठी मेणबत्ती लावली." थेन टेबलावर बसला. खिडकीचे पडदे उघडे होते. धुकं आता वरपर्यंत चढलं होतं, डोंगर नव्हतेच. "मरिसेला," तो म्हणाला. "हं?" ती त्याच्या टाचेखाली टॉवेल सारत होती. तिच्या मानेवर घाम होता. सकाळपासून नवव्या माणसाचा पाय असेल हा. "काही नाही." ती टाच वर सरकवत म्हणाली, "पेपरात वाचलंत? त्याच दिवशी एक मुलगा गेला म्हणे बर्फात. नाव दिलं नव्हतं, जागाही नीट नव्हती. मी आईला म्हटलं, बघ, त्याच्याकडे बघणारं कुणी नसणार. आपल्या पोरांना मिस्टर ऑस्लर होते." तिने गुडघा दाबला. दुखलं, आणि त्याला बरं वाटलं. "कुठे झालं ते? तुम्हाला माहीत असेल ना."

तेवीस वर्षं रोज सकाळी हजारो लोकांना त्याने जागा सांगितली होती, दिशा, उंची, कुठला उतार. "लांब," थेन म्हणाला. "तिकडे उत्तरेला. बरंच लांब." मरिसेलाने मान हलवली. "बिचारा. आईला सांगते, त्याच्यासाठीही एक लावेल. गेलेल्या माणसासाठी तिला नाव लागतं पण, नावाशिवाय नाही लावत ती. नाव कळलंय तुम्हाला?" थेनने तिच्याकडे पाहिलं. "जोना," तो म्हणाला. "जोना ट्विचेल." तिने खिशातलं पेन काढलं, त्याच्या व्यायामाच्या कागदाच्या कडेला लिहायला लागली आणि मधेच थांबली. "ट्विचेल कसं लिहायचं?" त्याने एकेक अक्षर सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं, कागदाचा कोपरा फाडला आणि खिशात ठेवला.